दुपारी रिकामं दिसलेलं घरटं

“फोटो में तो एक भी चिड़िया नहीं है, मैडम. अब साइन कर दीजिए,” म्हणत मिश्राजींनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

मिश्राजी म्हणजे खाण कंपनीचे साइट मॅनेजर. सोनभद्रच्या डोंगरात चुनखडी किती खोल आहे ते बघायला त्यांना भोकं पाडायची होती. त्यासाठीचं यंत्र, म्हणजे रिग, ट्रकवरून वर न्यायचं तर कड्याखालून नवा रस्ता हवा, आणि रस्त्यासाठी सुरुंग. या सगळ्यानं तिथल्या जनावरांचं, पाखरांचं काय होईल ते लिहून द्यायला बनारसहून मी आले होते. माझी सही झाली की काम सुरू.

कड्यावर पांढरे ओघळ होते. गिधाडं वर्षानुवर्षं त्याच कपारींत घरटं करतात आणि त्यांच्या विष्ठेनं खडक चुना फासल्यासारखा दिसतो. ओघळ जुनेही असू शकतात. मला ते ताजे वाटत होते, पण वाटण्यावर रिपोर्ट लिहिता येत नाही.

ड्रोनचे फोटो सुरेख होते. कुठे सावली म्हणून नाही. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

“ड्रोन कब उड़ाया?”

“दोपहर में. मैपिंग तभी होती है न, परछाईं कम पड़ती है.”

त्यांचं चुकलं नव्हतं. नकाशासाठी ड्रोन भर दुपारीच उडवतात. पण ऊन तापून हवा वर चढू लागली की गिधाडंही तिच्यावर तरंगत मढं शोधायला लांब जातात. पिल्लू जरा मोठं झालेलं असलं, तर आईबाप दोघंही जातात. ऑफिसच्या वेळेत दार वाजवून ‘इथे कोणी राहत नाही’ असं लिहिण्यातला प्रकार.

“मैं शाम तक बैठूँगी,” मी म्हटलं.

“रिग कल आ रही है. बरसात से पहले सारे होल पूरे करने हैं. मेरी नौकरी का सवाल है, मैडम.”

“और मेरे साइन का.”

तिपाईवर दुर्बीण लावून मी बसले. मिश्राजीही तोंड फुगवून शेजारी बसले. खरं सांगते, मला भीती वाटत होती. कपार रिकामी निघाली असती तर पुढचं काम या कंपनीकडून मिळालं नसतं. आणि सही केल्यावर आत पिल्लू निघालं असतं, तर पहिल्याच सुरुंगाला आईबाप पळाले असते आणि न उडता येणारं पिल्लू बिथरून खाली पडलं असतं.

ऊन उतरलं. एक मोठं गिधाड आलं, कपारीत टेकलं. फोटोत जो दगड दिसत होता, तो उठून उभा राहिला आणि पंख फडफडवू लागला. माझा जीव भांड्यात पडला.

मिश्राजींनी दुर्बिणीला डोळा लावला. बराच वेळ तिथून हलले नाहीत.

“अरे, ये तो खाना माँग रहा है.” मग डोकं खाजवत म्हणाले, “पीछे की तरफ पत्थर वालों का पुराना रास्ता है. घूमकर जाना पड़ेगा.”

सकाळी आम्ही दोघं ती वाट चाललो. दगड वाहून नेणाऱ्यांची जुनी वाट, जागोजागी खचलेली, पण ट्रक जाईल इतकी रुंद, आणि एकही झाड तोडावं लागणार नव्हतं. रिग तिकडून न्यायची, कड्याजवळची भोकं पिल्लू उडाल्यावर पाडायची, असं मी रिपोर्टमध्ये लिहिलं आणि आनंदानं सही केली.

बनारसला संकठा घाटावरच्या आमच्या घरी आईनं सगळं ऐकून घेतलं आणि तिच्या बनारसी मराठीत म्हणाली, “गिधाडासाठी एवढी परेशान झालीस? आधी नहाऊन घे, मग चुल्ह्याजवळ ये.”

काही आठवड्यांनी मिश्राजींचा फोन आला. “उड़ गया, मैडम.” आवाजावरून त्यांनाही माझ्याइतकंच हायसं वाटलं होतं. कड्याखालचा रस्ता पुढे झालाच नाही. जुनी वाटच पुरली. ती आपण शोधली असं ते आता प्रत्येक मीटिंगमध्ये सांगतात. सांगोत बापडे, खरंच आहे ते.

मी मात्र एक धडा घेतला. घर रिकामं आहे असं लिहून द्यायचं असेल, तर घरची मंडळी परतायच्या वेळेला जावं.