धुऱ्यापाशी अडलेलं जहाज

अकोल्याच्या दवाखान्यात इस्माईलभाई मला शेवटचे भेटले, तेव्हा नाकावरची नळी बाजूला करून त्यांनी एवढंच विचारलं, "गजाभाऊ, जहाज निघू द्याचं का आता?" मी म्हटलं, "नाही. धुऱ्यावर अडते." ते हसले, मग खोकले... आणि त्याच आठवड्यात गेले. सौदा अर्धवट टाकून उठणारा माणूस मला आवडत नाही. त्यांच्यावरचा हा राग अजून गेलेला नाही.

बडनेऱ्यात त्यांचं ताडपत्र्या शिवायचं दुकान होतं, शेजारी माझं ट्रॅक्टरच्या जुन्या टायरांचं. ओळख भांडणातून झाली. एका वैशाखातल्या वावटळीत त्यांनी रिकाम्या ट्रॉलीवर मापाला टाकलेली ताडपत्री फुगली आणि ट्रॉली आपोआप चालू लागून माझ्या टायरांच्या ढिगावर आदळली. मी शिव्या देत बाहेर आलो. हे मात्र हरखून उभे. "पाह्यलं का, बिनाबैलाची चालली." त्याच दिवशी त्यांच्या डोक्यात कादंबरी शिरली. समुद्र नसलेला मुलूख, सगळी काळी जमीन, आणि तिच्यावरून शिडांनी चालणारी गावाएवढी जहाजं.

ती कापसाची पडती वर्षं होती. ट्रॅक्टर उभे, टायर कोण घेणार? मी दिवसभर दुकानात बसून ज्याच्या-त्याच्यावर खेकसायचो. संध्याकाळी इस्माईलभाई चहा घेऊन यायचे, नवं प्रकरण सांगायचे, आणि मी ते पाडायचो. शिडं त्यांची, चाकं माझी, अशी वाटणी होती. पावसाळ्यात काळ्या जमिनीत चाक रुतेल, असं मी म्हटलं, तर जहाजं उन्हाळ्यातच निघतील, म्हणाले. उन्हाळ्यात भेगा पडतात, चाक अडकेल, तर रुंद लाकडी रूळ लावू. कुटाराची, म्हणजे भुशाची, उंच ट्रॉली आडव्या वाऱ्यात कलंडते, तसं जहाजही कलंडेल, तर बूड पसरट करू. आणि वाराच पडला तर? "तर लोक थांबतीन. तिथं घाई कोनाले हाय?" सात मजल्यांचं जहाज मी घासाघीस करून दोनवर आणलं. त्या वर्षांत मी टिकलो तो या भांडणांवर. हे त्यांना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुन्हा सातवर जाऊन बसले असते.

अडलं ते धुऱ्यापाशी. धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. इस्माईलभाईंनी लिहिलं होतं की वाऱ्याचे दिवस आले की लोक आपापला धुरा फोडून जहाजाला वाट देतात. मी म्हटलं, चाक पटेल, शीड पटेल, हे कोणी मानणार नाही. आमच्या गावी, वलगावात, थोरल्या भावाने वखर घालून घालून धुरा हातभर माझ्या वावरात सरकवला, तेव्हापासून आमचं बोलणं बंद. हे त्यांना ठाऊक होतं.

"काहून नाही फोडनार? तुमी फोडून दाखवा, मंग मी लिवतो."

"माझा धुरा, तुमच्या जहाजासाठी?"

"मंग तुमी हो म्हनेपर्यंत उभंच राहू द्या."

बाकीची कादंबरी पुरी झाली. तेवढं शेवटचं प्रकरण त्यांनी माझ्या 'हो'साठी अडवून ठेवलं.

परवा त्यांची मुलगी दुकानात आली. "काका, अब्बाचं जहाज निघालं का नाही? पुस्तक छापायचं आहे." पाहून सांगतो, म्हटलं, आणि कुदळ घेऊन वलगावला गेलो.

मी धुरा फोडत होतो, भाऊ पलीकडे उभा राहून बघत होता. शेवटी न राहवून बोलला, "काहून रे, बैलबंडीले एवढी रुंद वाट लागते का?"

"बंडी नाही. जहाज जाचं हाय."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग फोडलेल्या धुऱ्याकडे. हातभर जमीन मी त्याला सोडलेली नाही, ती सोडणारही नाही. पण आता त्या फटीतून वारा सुसाट येतो, आणि मी तिथे उभा राहून अंदाज घेतो. दोन मजल्यांचं आरामात निघेल... सातांचंही निघेल, इस्माईलभाई. पण ते निघून शिरणार भावाच्या वावरात, आणि त्याच्या पलीकडे त्याचा धुरा आहे. म्हणजे आता त्याच्याशी बोलणं आलं.

घासाघीस मला येते.