धुतलेल्या फुल्या

चहा आधी संपवा, नाहीतर हसताना सांडाल. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही, पण इंग्रजीतला एक शब्द मला मुळापासून येतो. चेक करणं. आणि तो येत असूनही मी काय करून बसले, ते ऐका.

आम्ही राहायचो त्या टोकरखाड्यात सगळी कारखान्यातलीच माणसं, तेव्हा जो तो काही ना काही चेक करायचा. माझी सून सुनंदा तर मसाटच्या कापड कारखान्यात शिकाऊ चेकरच होती. वरच्या मजल्यावरचे नाशिकचे इंजिनिअर एकदा म्हणाले, "आजी, चेक हा आपल्या बुद्धिबळातल्या शहचा भाऊ. दोघांचं मूळ फारसीतला शाह, म्हणजे राजा. शह दिला की राजा अडतो. त्यावरून चेक म्हणजे अडवणं, आणि मग थांबवून तपासणं."

मला पटलं. सुनंदाची नजरच तशी. भलं मोठं कापड समोरून सरकत असायचं, पण एक धागा तुटका दिसला की अडवलंच. लगेच खडूची फुली.

तिला कायम करायचं की नाही, हे ठरवायला साहेबांनी निळ्या कापडाचा तुकडा घरी दिला. सगळे दोष शोधून, फुल्या मारून सोमवारी आणायचा. रविवारी दुपारी तिने चौदा फुल्या मारल्या, तुकडा खाटेवर ठेवला आणि दळण आणायला गेली.

मी म्हटलं, चला, चेक तर झालं. आता परत द्यायचं ना? आमच्या खान्देशात शेजारणीची वाटीसुद्धा कोणी खरकटी परत देत नाही. तुकडा घेतला, साबण लावला, धोपाटण्याने बडवला, वाळत घातला.

"आई, फुल्या कुठे गेल्या?"

"धुतल्या."

"सगळ्या?"

"एक निघत नव्हती. तिला जरा जास्त बडवलं."

पोरीने तुकडा उचलला, खडू घेतला. खिडकीतलं ऊन जायच्या आत पुन्हा बसली. चौदाच्या चौदा जागा शोधून फुल्या मारल्या. मग थांबली.

"आई, ही पंधरावी मघाशी नव्हती."

धोपाटण्याने पडलेलं भोक होतं ते.

सोमवारी साहेब म्हणाले, "चौदा बरोबर. हा पंधरावा दोष मागाचा वाटत नाही."

"नाही साहेब," सुनंदा म्हणाली, "सासूचा आहे."

साहेब हसले आणि तिला कायम केलं.

संध्याकाळी ती पेढे घेऊन आली. मी कौतुकाने तोंड उघडलं, तर हिने पर्समधून खडू काढला आणि माझ्या पदरावर फुली मारली.

"ही सोळावी, आई. एवढी तरी धुऊ नका."