शिंदीचा गडी शोधायला कडेगावला

मी सांगते तसं माझी नात सायली टंकते. जिथं शहाणपणाचं वाटेल तिथं तिनं दुरुस्त केलं असं समजा.

सायली साताऱ्याला वनस्पतीशास्त्र शिकते. तिनं पुठ्ठ्याच्या पाटीवर शिंदीची वाळवलेली पानं-फुलं लावून दिली, तर सरांनी परत पाठवली. शिंदीत नर झाड वेगळं, मादी वेगळं. हिनं दोन्ही फुलं मादीचीच आणलेली. सोमवारपर्यंत नराचं फूल नाही दिलं, तर वर्षभराचं काम वाया. पोरगी जेवेना. मी आयुष्यभर शिंदीच्या पानांच्या केरसुण्या बांधल्या, पण मला कुणी विचारलंच नव्हतं. म्हटलं, चल माझ्या माहेरी.

शनिवारी सकाळची कराडची एसटी धरली. पंच्याहत्तरी ओलांडल्यामुळं मला तिकीट नाही, सायलीला अर्धं. कराडला वडापाव खाल्ला, तिखट होता. तिथनं विट्याच्या गाडीनं कडेगाव, पुढं ओढ्यापर्यंत माणसं कोंबून नेणारी वडापची जीप. फाल्गुनात जा आणि पाणी बरोबर न्या. दोन्हीकडं ऊस असला तरी सावली मिळत नाही.

वाटेत सायली सांगत होती की नारळ, ताड, शिंदी, सुपारी सगळी एकच भावकी, आणि अख्ख्या कुळाला नाव सुपारीचं. म्हटलं, एवढा थोरला नारळ असताना? घराघरात असंच असतं, चघळणारी पुढं.

ओढ्याकाठी तीन शिंदी. रान महादूचं, माझ्या चुलतभावाच्या मुलाचं. तो म्हणाला, "आवं आत्या, ती कडंची वांझ हाय. एक शिंदोळी धरत न्हाई. सोमवारी तोडतोय."

"वांझ न्हाई रं, गडी हाय त्यो."

"झाडात कसला गडी?"

"कोयता बांधलेली काठी आन. तुरा हलीव."

त्यानं काठीनं तुरा हलवला, तसं सायलीनं खाली अंथरलेल्या पांढऱ्या धडप्यावर पीठच पीठ सांडलं. महादू शिंकला.

"ह्याच्या पिठावर त्या दोघी फळत्यात. आता तोड खुशाल."

त्यानं काठी तुऱ्यापासून बाजूला घेतली. मग म्हणाला, "आमच्या म्हाताऱ्यानं चार गडी आसंच तोडले की वं."

"तरीच शिंदोळ्या कमी झाल्या म्हनून रडत हुता."

त्यानं तुरा काढून दिला, झाड राहू दिलं. सायलीनं तो तिथंच वर्तमानपत्रात दाबला आणि जेवायला दोन भाकरी जास्त मागितल्या.

सोमवारी सरांनी पाटी ठेवून घेतली. लॅटिन नाव आहे फिनिक्स सिल्वेस्ट्रिस. सिल्वेस्ट्रिस म्हणजे रानातली, एवढं मलाही पटलं. त्याच्याखाली 'ओळख कुणी पटवली' या ओळीत सायलीनं माझं नाव लिहिलंय म्हणे. मला वाचता येत नाही, म्हणून तिला तीनदा वाचायला लावलं. चौथ्यांदा तिच्या आईला बोलावलं. खात्री केलेली बरी.