शिकागोत टाकलेला रुमाल

जळगावला विमान उतरलं की आसपासच्या केळीच्या बागांतली माणसं कामं टाकून वर बघतात आणि कोणाकडे पाहुणे आले असतील यावर पैज लावतात. तिथून निघालेले मी आणि माझी थोरली बहीण अक्का मजल दरमजल करत शिकागोला पोहोचलो. जगात सगळ्यात जास्त विमानं सुटतात अशा मोजक्या जागांपैकी ही एक. आभाळात अशी गर्दी की चिमणीलाही रस्ता ओलांडायला पोलीस लागावा.

पुढचं विमान धाकट्या भावाच्या गावाचं. संध्याकाळी त्याच्या मुलीचं बारसं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे अक्काचा, आणि ते नाव तिनं बाळाच्या आईबापालाही सांगितलेलं नव्हतं.

वेळ होता. अक्कानं विमानाकडे जायच्या दाराजवळच्या पहिल्या खुर्चीवर रुमाल टाकला. आमच्या पारोळ्याच्या स्टँडवर धुळ्याच्या गाडीत खिडकीतून रुमाल टाकला की जागा तुमची. अख्खा तालुका त्याला हात लावत नाही. शिवाय भरल्याशिवाय गाडी हलत नाही, हे आम्हाला बोलायला शिकायच्या आधीपासून ठाऊक. इथं तर पापणी लवेपर्यंत एक विमान सुटत होतं. एवढ्या फेऱ्या असताना घाई कसली, असं अक्का म्हणाली आणि मला ते शंभर टक्के पटलं. बादलीएवढ्या पेल्यातली कॉफी संपवून परतलो. रुमाल जागच्या जागी होता. विमान गेलं होतं.

काउंटरवरच्या बाईनं सांगितलं, तुमची नावं पुकारून दार लावलं. आता आजच्या एकाही विमानात जागा नाही. अक्कानं काचेतून बाहेरची विमानांची रांग पाहिली आणि मला म्हणाली,

“तिले सांग, मी उभी राहीसन जासू. आत्याबिगर बारसं व्हस का?”

हे इंग्रजीत सांगताना माझी जीभ सातपुडा चढून उतरली. आत्या, कान, पाळणा, सगळं हातवाऱ्यांसकट सांगितलं. बाई हसली नाही. बराच वेळ बटणं बडवत राहिली आणि एक जागा निघाली. एकच.

इंग्रजीचं अक्षर न येणारी अक्का एकटी कशी जाणार, या काळजीत मी असतानाच तिनं माझ्या हातातून पिशवी घेतली.

“तू मांगून ये,” म्हणाली आणि वळूनही न पाहता दारात शिरली.

संध्याकाळी भावाचा फोन आला. नाव वेळेवर ठेवलं गेलं होतं. अक्का नीट पोहोचली ना, असं विचारलं, तर म्हणाला, शेजारच्या गोऱ्या साहेबाला खुणेनं उठवून खिडकीत बसून आली. मी मात्र धडाधड सुटणारी विमानं बघत दुसऱ्या दिवशीच्या एका जागेची वाट पाहत होतो.