कुठं जायचं, ते आधी सांगा

आमच्या टायरमामांचा गिऱ्हाइकाला नाही म्हणण्यात हात धरणारा कोणी नव्हता. पडेगावच्या रस्त्यावर त्यांचं दुकान. कुणी ऐटीत येऊन म्हणायचं, "मामा, चार टायर टाका, एकदम भारीतले." मामा त्याला स्टुलावर बसवायचे आणि विचारायचे, "कुठं कुठं जायचं असतं गाडी घिऊन?" माणूस वैतागायचा. तुम्हाला कशाला चौकशा, म्हणायचा. "मला नाय, टायरला लागती चौकशी," मामा सांगायचे. "शहागंजातून किराणा आननारी गाडी येगळी, अन् खडीवरून शेतात जानारी येगळी. कुठं जायचं, ते आधी सांगा." कितीतरी जणांना त्यांनी "आजून वरीसभर चालत्यात की हे" म्हणून जुन्याच टायरांवर परत पाठवलं. असा माणूस धंदा कसा करत होता, देव जाणे.

हवा भरायला ते सकाळीच बोलवायचे. दुपारी तापल्या टायरात हवेच्या मीटरचा काटा खोटं बोलतो, असं त्यांचं म्हणणं. दोनच नवे टायर घेतले, तर ते मागे बसवायचे, आणि यावरून रोज वाद व्हायचा. लोकांना नवे पुढं हवेत, दिसायला बरे! मामा म्हणायचे, "पुढचं घसरलं तर इस्टेरिंग हाय तुमच्या हातात. मागचं घसरलं तर कोन हाय?" आणि गंमत अशी की मामांना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती. जन्मभर सायकल.

माझे बाबा त्यांचं लाडकं गिऱ्हाईक. बाबा गणिताचे मास्तर, त्यामुळे हवेचा आकडा वहीत लिहून ठेवणार. आई गेल्यावर घरात आम्ही दोघंच, आणि तिसरी बाबांची गाडी. रविवारी घाट चढून म्हैसमाळला जाऊन चहा पिऊन यायचं, हा त्यांचा नेम. मग बाबांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. खड्या आवाजात पाढे म्हणवून घेणारा माणूस खिडकीकडं तोंड करून पडून राहायला लागला. गाडी फाटकाच्या आत धूळ खात उभी राहिली. तिच्याकडं बघायला मला फुरसत नव्हती आणि, खरं सांगते, बघवतही नव्हतं.

सहाएक महिन्यांनी एका रविवारी मामा पायपंप घेऊन दारात हजर. "सर आले नायत लई दिवसांत." मी सगळं सांगितलं. ते गाडीपाशी उकिडवे बसले आणि टायरावरून तळहात फिरवला. "ताई, टायर चालून मरत नाय, उभं राहून मरतं. एकाच जागी वजन पडलं की तिथं चपटं होतं." मग गाडी न्यूट्रलला टाकायला लावली, हँडब्रेक सोडवला आणि दाराला खांदा लावून चाकाच्या अर्ध्या फेऱ्याइतकी पुढं ढकलली.

त्यानंतर दर रविवारी. एका रविवारी पुढं, दुसऱ्या रविवारी मागं. पण नुसतं तेवढ्यावर भागायचं नाही. बाबांना चाकाच्या खुर्चीत बाहेर आणायला लावायचे, हवेचं मीटर त्यांच्या डाव्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "सर, आकडा सांगा. मला चष्म्याबिगर दिसत नाय." चष्मा खिशातच असायचा! बाबा बराच वेळ तोंड हलवत राहायचे. तिसऱ्या का चौथ्या रविवारी शब्द फुटला, "तीस." व्यायाम करवून घेणाऱ्या बाईंना महिनोन् महिने जमलं नव्हतं ते. मी स्वयंपाकघरात जाऊन ढसाढसा रडले.

आणि तरी मी त्या माणसाशी भांडले. माझं तोंड पहिल्यापासूनच फटकळ. गाडी विकायची मी मनाशी ठरवलं होतं. तेवढ्यात मामा म्हणाले, टायरांना बारीक चिरा गेल्यात, चारी बदलायचे. "कशासाठी?" मी म्हटलं. "अंगणातल्या अंगणात फिरायला?" मामा वळले, बाबांपुढं बसले आणि दुकानात विचारायचे तसं, अगदी सरळ, विचारलं, "सर, कुठं जायचं?"

बाबांचे ओठ थरथरले. "म्है... म्हैसमाळ."

माझं डोकंच फिरलं. मामांना फाटकाबाहेर बोलावलं आणि तोंडाला येईल ते बोलले. "आजारी माणसाला असल्या आशा दाखवता? ते आता जन्मात गाडी चालवणार नाहीत!"

"त्यानला कोन म्हनलं चालवा म्हनून? तुमी हाव की."

"मला येत नाही."

"मला बी येत नाय. पन मी सत्तरीचा हाय, ताई."

"पुढच्या रविवारी येऊ नका," म्हणून मी फाटक लावून घेतलं.

ते आले नाहीत. बाबा मात्र मामांचं राहून गेलेलं मीटर मांडीवर घेऊन दुपारपर्यंत फाटकाकडं बघत बसले आणि जेवले नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. सोमवारी मी स्कूटीवरून दुकानात गेले. माफी मागायला तोंड उघडणार, तोवर मामाच म्हणाले, "टायर बाजूला काढून ठिवलेत. घाटाचे. गाडीच्या क्लासात नाव घातलं का?"

घातलं. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. चढावर गाडी मागं यायची, मागचे हॉर्न मारायचे, मी घामाघूम. मामा दर रविवारी विचारायचे, "घाटाला किती येळ?" मी म्हणायची, "जरा दम धरा हो, मामा." त्यांनी धरला. उन्हाळ्यात एका दुपारी दुकानातच बसल्या बसल्या ते गेले. बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी दोन दिवस भिंतीकडं तोंड केलं. माझं लायसन महिन्याभरानं आलं. एक महिना, फक्त एक महिना उशीर. तो मला अजून सोसत नाही.

परवाच्या रविवारी मामांच्या त्या घाटाच्या टायरांवर, बाबांना शेजारी बसवून मी म्हैसमाळला निघाले. पडेगाव आलं तशी मी नजर रस्त्यावर ठेवून दुकान मागं टाकणार होते. बाबांनी डाव्या हातानं समोरची काच ठोठावली. मी गाडी कडेला घेतली. शटर खाली होतं. बाबांनी शटरकडं बोट केलं. मग एकेक शब्द जुळवत म्हणाले, "मामाला... बरोबर... घ्यायचं होतं."

आजारपणानंतर बाबा पहिल्यांदा अख्खं वाक्य बोलले होते. मला काय करावं कळेना. मी हॉर्न वाजवला. थोडं थांबून पुन्हा वाजवला. कुणी बाहेर येणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं, तरी आम्ही गाडी चालू ठेवून तिथंच थांबलो.