पिसं, रेशीम आणि मार्चमधली नदी

आमच्याकडं मासे शिजत नसत, आणि तरीही नव्वदच्या दशकातल्या एका हिवाळ्यात मी मासे पकडायच्या माश्या बनवत होते.

तेव्हा आम्ही नेरूळला नव्या सोसायटीत राहायला आलो होतो. नवरा कामावर गेला की मी घरी साड्यांना फॉल लावायची, ब्लाउजवर भरतकाम करायची. खालच्या मजल्यावर साताऱ्याकडचे एक निवृत्त सुभेदार मुलगा-सुनेबरोबर राहत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एका दुपारी ते दारात उभे राहिले. हातात चहाच्या बशीएवढा पत्र्याचा डबा.

"ताई, रेशमाचा धागा हाय का? मातकट रंगाचा, एकदम बारीक."

मी रिळांची टोपली पुढं केली. त्यांनी एकेक रीळ खिडकीशी नेऊन पाहिलं. मग डबा उघडून दाखवला. आत कापसावर दहा-बारा किडे बसले होते. मी दचकले, तसे ते हसले. किडे नव्हते. बारीक गळावर धागा आणि पिसं गुंडाळून केलेल्या माश्या होत्या.

नोकरीत असताना हिमाचलात पोस्टिंग होतं. तिथल्या एका अधिकाऱ्यानं त्यांना हा नाद लावला. गळाला गांडूळ लावायचं नाही, अशी बनावट माशी पाण्यावर टाकायची, आणि ट्राउट नावाचा मासा खरी समजून तिच्यावर झडप घालतो. निवृत्तीनंतरही दर वर्षी मार्चमध्ये ते तिकडे जात. पलटणीतला एक सोबती त्याच नदीकाठी स्थायिक झाला होता, त्याच्याकडे उतरत.

"मग आत्ता नोव्हेंबरात कशाला?" मी विचारलं.

"आता नदी बंद. थंडीत मासा अंडी घालतो. तवर आपण घरी बसायचं आन् माश्या करायच्या. गळ टाकणाऱ्याचा हिवाळा असाच जातो."

मला ते चमत्कारिक वाटलं, पण रीळ दिलं. पुढं ते अधूनमधून धाग्यासाठी येत राहिले. एकदा त्यांच्याबरोबर मी जवळच्या बोनकोडे गावात गेले, कारण बसमधून त्यांना तिथं तांबूस-करड्या मानेचा एक कोंबडा दिसला होता आणि अनोळखी घरात बाईमाणूस बरोबर असलेलं बरं, असं त्यांचं म्हणणं. घरच्या म्हातारीनं आम्हा दोघांना नीट न्याहाळलं.

"कोंबरा देवीचा हाय. कापाचा नाय. पिसां पायजेत त धरून घ्या तुमीच."

सुभेदारांनी तो कोंबडा अर्धा तास मांडीवर घेतला आणि मानेची सैल झालेली पिसं एकेक करून काढली. कोंबडा ओरडला नाही. म्हातारी म्हणाली, "या मानसाचा हात हलका हाय."

डिसेंबरात त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बारीक काम बंद सांगितलं. डाव्या डोळ्यानंही त्यांना धड दिसत नव्हतं. माश्या अजून झाल्याच नव्हत्या. काळा चष्मा लावून ते वर आले आणि म्हणाले, "ताई, हात तुमचा, डोळा तुमचा. सांगतो मी."

मी हो का म्हणाले, हे मला नीट सांगता येणार नाही. फॉल लावायचा कंटाळा आला होता, एवढं खरं.

त्यांचा मुलगा महापेला एका कारखान्यात होता. त्यानंच पूर्वी वडिलांना टेबलाला लावायचा छोटा शिकंजा करून दिला होता. त्यात गळ अडकवायचा, धागा गुंडाळायचा, पीस उभं धरून गळाभोवती असं फिरवायचं की त्याचे तंतू चहूबाजूंनी ताठ राहतील. शेवटी गाठ आणि गाठीवर नेलपॉलिशचा थेंब. ते समोर खुर्चीत बसून ऐकत. धागा फार ओढला तर नुसत्या आवाजावरून म्हणत, "तुटंल." झालेली माशी ते बोटांच्या टोकांनी चाचपत, मग वाटीतल्या पाण्यावर सोडायला लावत; चांगली माशी तंतूंवर उभी तरंगायला हवी.

"उभी हाय का बसली?"

"बसली."

"मग ही माशी न्हाई, झुरळ हाय. सोडवा."

पहिल्या आठवड्यातल्या सगळ्या त्यांनी सोडवायला लावल्या. जानेवारीच्या मध्याला एक पाण्यावर उभी राहिली. मी तसं सांगितलं. त्यांनी डबा पुढं सरकवला.

फेब्रुवारीत त्यांचा मुलगा आमच्याकडे आला. बसला नाही.

"वहिनी, बाबांना माश्या करून देऊ नका. माश्या नसल्या तर ते जाणार नाहीत. डोळ्याचं असं, त्यात ती नदी. दगडं सगळी निसरडी."

"त्यांना सांगितलंत का?"

"मी सांगून ते ऐकतायत होय?"

त्याचं चुकत नव्हतं. माझ्या टेबलावर तेव्हा चार माश्या तयार होत्या, त्या मी दुसऱ्या दिवशी सुभेदारांना दिल्या. त्यांच्यासाठी दिल्या असं मी तेव्हा नवऱ्याला सांगितलं. खरं म्हणजे मी केलेल्या माशीला मासा फसतो का, हे मला कळायला हवं होतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात ते गेले. बाराव्या दिवशी तार आली. दगडावरून पाय घसरून पडले होते, डावं मनगट मोडलं होतं. सोबती त्यांना गाडीनं घेऊन आला. मुलगा जिन्यात भेटला तेव्हा त्यानं मान फिरवली. त्याची बायको निदान बोलली, "तुम्ही तरी नको होतं करायला."

तीन दिवसांनी मी खाली गेले. हाताला प्लास्टर, चेहरा वाळलेला. सून चहा ठेवून आत गेल्यावर ते हळूच म्हणाले, "दुसऱ्या दिवशी सकाळी माशानं घेतली. तुमची. लांब पंखांची ती."

"लांब पंख चुकून झाले होते."

"चुकीचीच घेतली."

मला आनंद झाला, आणि त्या प्लास्टरकडे पाहून तो झाल्याचं वाईटही वाटलं. दोन्ही एकदमच.

त्यानंतर ते हिमाचलात गेले नाहीत. मुलानं हट्ट धरला म्हणून नव्हे. मनगट नीट सांधलं नाही आणि गळाची काठी पेलेना. पण नोव्हेंबर आला तसे ते डबा घेऊन वर आले. मुलाला विचारल्याशिवाय मी शिकंज्याला हात लावणार नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. संध्याकाळी मुलगा स्वतः आला. दारातूनच म्हणाला, "करा. जाणार तर नाहीत आता." त्या वर्षापासून तो आमच्याशी पूर्वीसारखा बोलू लागला.

पुढचे तीन हिवाळे आम्ही माश्या केल्या. औषधाच्या रिकाम्या डबीत कापूस घालून त्या रजिस्टर पोस्टानं सोबत्याकडे जात. एप्रिलमध्ये त्याचं हिंदीतलं कार्ड येई, आणि कोणत्या माशीवर किती लांबीचा मासा मिळाला ते त्यात असे. मी वाचून दाखवायची. लांबी आली की सुभेदार हात वर करून मला थांबवत.

"दोन इंच कमी करून वाचा, ताई. मी वळखतो त्याला."

मी कमी करून वाचायची.