दोघांनी एकदम एंटर दाबलं की

जळगावातलं आमचं ऑफिस बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण जुनं कोणी भेटलं की एका किश्श्यातून दुसरा निघतोच.

नव्वदनंतरची गोष्ट. आमचे मालक नाना एक कार्ड बनवायचे. ते बसवलं की एकाच युनिक्स कॉम्प्युटरवर बरीच टर्मिनलं, म्हणजे नुसते पडदे आणि कीबोर्ड, चालायची. कार्डाचं आणि युनिक्सचं बोलणं जुळवणारा ड्रायव्हर सुहास पाटीलनं लिहिलेला. मी बसवायला जायचो. दुखणं एकच: दोन टर्मिनलांवर एकदम एंटर दाबलं, की पहिल्याचं काम अर्धवट असतानाच दुसरं मधे घुसायचं आणि मशीन ठप्प!

*

अमळनेरच्या तेल मिलमध्ये सुहासनं दोन क्लार्क बसवले. "एक, दोन, तीन... दाबा!" सकाळभर दाबलं. काही नाही! सुहास आणि मी एसटीनं परत आलो, तर नाना ऑफिसच्या दारातच.

"फोन आला होता. तुम्ही निघालात आणि मशीन बसलं!"

*

मग चूक पकडायला सुहासनं प्रोग्राममध्ये 'इथे आलो' असं छापणारी ओळ टाकली. चूकच गायब! छापण्यात वेळ जायचा, तेवढ्यात पहिलं काम उरकायचं.

नाना म्हणाले, "राहू दे ना मग ती ओळ!"

राहू दिली. पारोळ्याचे एक अडते आबा मला म्हणाले, "भाऊ, हाई मशीन घडीघडी 'इथे आलो' म्हणस. पन ऊना कोन?"

*

खरा इलाज सुहासला धुळ्यात, दुसऱ्या एका गिऱ्हाइकाकडे सापडला. एकाचं होईपर्यंत दुसऱ्याला थोपवायचं, चारदोन ओळींचं काम. फ्लॉपी घेऊन तो तसाच अमळनेरला गेला. तिथे टर्मिनलं कोपऱ्यात रचलेली, टेबलांवर नवे पीसी.

"साहेब, कालच काढली हो!" क्लार्क म्हणाला.

सुहास चहा न घेताच परतला.

*

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, दुपारी, आमच्या ऑफिसात.

"सुहास, ऐक..."

"नाना, मला..."

दोघं एकदमच बोलले आणि हसले. नाना म्हणाले, "आधी तू."

"पुण्याला नोकरी लागली, नाना."

"अरे वा! छान झालं. जा."

"तुम्ही काय म्हणत होतात?"

"काही नाही रे. चहा सांगू का, विचारत होतो."

सुहास गेला. तासाभरानं पेंटर नवी पाटी घेऊन आला. नानांच्या नावापुढे लिहिलं होतं, 'आणि सुहास पाटील'.

"नाना, जपीसन. रंग आजून वल्ला शे."

नानांनी खिशातून रुमाल काढला. "बरं झालं," ते म्हणाले, आणि पाटीवरचं सुहासचं नाव पुसायला लागले.